नाव घोणस, जात पतंगाची

पत्र थोडक्यात असं: गोदाकाठचं गाव, घरचा तीन एकर ऊस, दोन म्हशी. पंधरा दिवसांपूर्वी सासूबाई बांधावरचं गवत कापत होत्या, तेव्हा डाव्या हाताला मनगटाच्या वर काहीतरी लागलं. आग आग झाली, हात सुजला, लाल गांधी उठल्या. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन झालं, सलाईन लागलं आणि संध्याकाळी त्या घरी आल्या. नंतर त्या गवतात पिवळट हिरवी काटेरी अळी सापडली. शेजारी म्हणाले, ही 'घोणस अळी'. त्याच रात्री मोबाईलवर व्हिडिओ आला की ही अळी चावली की पाच मिनिटांत माणूस जातो. तेव्हापासून गवत आणि उसाची पाचट काढायला ठरलेल्या सहा बायका शेतात पाऊल ठेवायला तयार नाहीत. नवरा म्हणतो बांध पेटवू आणि उसावर दोन जहाल औषधं एकत्र करून मारू. सासूबाईंनी शेताचं नावच टाकलंय. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. पत्रलेखिका विचारतात, "बायकांना 'काही होत नाही, या' म्हणाले आणि उद्या एखादीचं काही बरंवाईट झालं तर? त्यांना बोलावणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणं आहे का?"

ताई,

आधी उत्तर, मग कारणं. बायकांना बोलावणं म्हणजे जिवाशी खेळ नाही. मात्र 'काही होत नाही, या' हे वाक्य तेवढं तोंडातून काढू नका, कारण ते खरं नाही. होतं. सासूबाईंना झालं तसं होतं, आणि एखादीला त्याहून जास्तही होऊ शकतं. काय होतं, किती वेळ राहतं आणि झालं तर काय करायचं, एवढं सगळं सांगून बोलावलंत तर यायचं की नाही हे त्या स्वतः ठरवतील.

तुमच्या पत्रात 'चावली' हा शब्द सहा वेळा आला आहे. तिथूनच सुरुवात करू. अळीला जबडा असतो तो पानं कातरायला, त्यात विष नसतं. ती माणसाला चावत नाही, अंगावर धावून येत नाही, उडी मारत नाही. जुनी माणसं म्हणायची 'सुरवंट लागला', आणि ते अगदी अचूक आहे. आपला हात तिच्यावर पडतो, तेव्हा ती लागते. हा शब्दाचा कीस वाटेल, पण बचावाची सगळी युक्ती यातच आहे. चावणाऱ्या प्राण्यापासून पळावं लागतं, लागणाऱ्यापासून नुसतं बघून हात घालावा लागतो.

आता ती आहे कोण? पतंगांचं लिमॅकोडिडी नावाचं कूळ आहे, त्यातली ही अळी. गवत, ऊस, मका, एरंडी, आंबा, नारळ अशा पुष्कळ झाडांवर या कुळातल्या वेगवेगळ्या जाती राहतात. सापडली तर चिमट्यानं काचेच्या बरणीत टाका, झाकण लावा आणि बरणी उचलून खालून बघा. इतर अळ्यांना पोटाखाली मागच्या बाजूला मांसल पायांच्या जोड्या असतात, हिला त्या नसतात. तिथं चपटं, ओलसर, चिकट पोट असतं. लाट पुढे सरकावी तशी ती काचेवरून सरकते, बिनशंखाच्या गोगलगाईसारखी. डोकं आत ओढलेलं असल्यामुळे तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे पटकन कळत नाही. पाठीच्या दोन्ही कडांना मांसल बोंडं असतात आणि प्रत्येक बोंडावर निवडुंगासारखा काट्यांचा झुपका. मुलाला दाखवायची असेल तर अशीच दाखवा. बरणीतली अळी बघितलेलं पोर गवतातली अळी ओळखतं. नुसतं 'हात लावू नको' ऐकलेलं पोर ओळखत नाही.

हे काटे आतून पोकळ असतात आणि बुडाशी विष असतं. काट्यावर दाब आला की टोक कातडीत घुसतं, मोडतं, आणि विष आत उतरतं. विष ती झाडातून घेत नाही, स्वतःच्या शरीरात बनवते. ऑस्ट्रेलियात याच कुळातल्या 'डोरॅटिफेरा व्हल्नेरान्स' या अळीचा अभ्यास क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केला. तिच्या विषात त्यांना 151 वेगवेगळी प्रथिनं आणि पेप्टाइडं मिळाली. दुखवण्याचं मुख्य काम करणारी पेप्टाइडं मूळची कीटकांच्या रोगप्रतिकारशक्तीतली निघाली. म्हणजे कीटक जंतूंना मारायला जे हत्यार वापरतात, तेच या अळीनं बदलून आपल्या नसांवर चालवलं आहे. ही पेप्टाइडं वेदना जाणणाऱ्या नसांची टोकं थेट चेतवतात. म्हणूनच एवढ्याशा किड्यानं एवढी आग होते. सासूबाई नाटक करत होत्या असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

पण दुखणं वेगळं आणि मरणं वेगळं. विषाचा थेंब इवलासा असतो, त्याचा रोख वेदनेवर असतो, आणि तो बहुतेक कातडीतच राहतो. पहिला तास-दोन तास वाईट जातात, मग आग ओसरते. सूज आणि खाज दिवस-दोन दिवस राहते, लाल ठिपके कधी कधी आठवडाभर दिसतात. जिवावर बेतण्याची वाट एकच, ॲलर्जीची जोरदार प्रतिक्रिया. ती गांधीलमाशीनं किंवा मधमाशीनंही येते. क्वचित येते, पण येते तेव्हा वेगानं येते. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तुमच्या मोबाईलवर आला तसे व्हिडिओ 2022 च्या सप्टेंबरातही फिरले होते. बीड, नगर, सोलापूर भागात ऊस आणि बांधाच्या गवतावर ही अळी दिसली, काही जणांना लागली, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. अंगावरच्या नक्षीवरून तिला घोणस नाव चिकटलं आणि नावाबरोबर सापाची भीतीही चिकटली. कृषी खात्याला आणि विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना तेव्हा सांगत फिरावं लागलं की ही जीवघेणी नाही. तिचं नाव नुसतं 'काटेरी अळी' राहिलं असतं तर तुमच्या सहा बायका कदाचित दुसऱ्याच दिवशी कामावर आल्या असत्या.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, कारण उद्या कुणीतरी तीही पाठवेल. माणूस मारू शकणारी अळी जगात आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये 'लोनोमिया ऑब्लिका' नावाची अळी झाडाच्या खोडावर घोळक्यानं बसते. कुणी नकळत त्या खोडाला टेकलं की एकाच वेळी अनेक अळ्यांचे काटे टोचतात. तिचं विष रक्त गोठण्याची सगळी यंत्रणा बिघडवतं, आतून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. साओ पावलोच्या बुतांतान संस्थेनं 1990 च्या दशकात तिच्यावर प्रतिविष तयार केलं. ही अळी दक्षिण अमेरिकेतली, कूळ वेगळं, विष वेगळं. आपल्या उसात ती नाही.

आता खरी काळजीची गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. ज्या बांधावर सासूबाई गवत कापत होत्या, त्या बांधावर खरी घोणस असू शकते. उंच गवत, उंदीर, पाचटीचा ढीग हे तिचं घरच. तिचा दंश खरोखर जीवघेणा असतो, आणि तो होतो तो पायाला, घोट्याला किंवा गवतात खुपसलेल्या हाताला. अळीच्या नावानं घाबरलेली बाई अनवाणी बांधावर चालते, हे मला जास्त भीतीदायक वाटतं. म्हणून गमबूट घ्यायचे ते अळीसाठी नाही, सापासाठी. अळीपासून बचाव वरकड.

याचाच दुसरा भाग. गवतात हात घातला, काहीतरी लागलं, आणि काय लागलं ते दिसलं नाही, तर 'अळीच असेल' असं धरून घरी बसायचं नाही. अळीच्या खुणा सहसा टाचण्या टोचल्यासारख्या पुष्कळ बारीक ठिपक्यांच्या, पुंजक्यात किंवा ओळीत असतात, आणि आग त्याच क्षणी भडकते. सापाचे दातांचे एक-दोन व्रण असतात आणि सूज तासागणिक वर चढत जाते. पण खुणा फसवतात. शंका असली की हात किंवा पाय न हलवता थेट ग्रामीण रुग्णालय. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तिथं डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात आणि ते गोठतं का बघतात. घोणशीच्या विषानं ते गोठत नाही. ही चाचणी होऊ द्या, 'घरी सोडा' म्हणून घाई करू नका. आपल्याकडचं सर्पदंशाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. अळीला प्रतिविष नाही आणि लागतही नाही.

अळीच लागली हे डोळ्यांनी बघितलं असेल तर पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच उतरवा. सूज चढल्यावर बांगड्या निघत नाहीत, मग त्या फोडाव्या लागतात आणि नवीनच जखम होते. अळी अंगावर असेल तर काडीनं किंवा पानानं उडवा, हातानं झटकू नका, नाहीतर दोन जागी लागेल. लागलेली जागा चोळायची नाही. हे सगळ्यात अवघड, कारण हात आपोआप तिकडे जातो. चोळलं की कातडीत अर्धवट रुतलेले काटे मोडून आणखी आत जातात. काही घरांत घोंगडं फिरवतात, काही ठिकाणी चुना लावतात, रॉकेलचा बोळा ठेवतात. घोंगड्यामागचा विचार बरोबर आहे, काटे ओढून काढायचे, पण घासताना निघतात त्याहून जास्त मोडतात. चुना आणि रॉकेल भाजलेल्यासारख्या कातडीला आणखी भाजतात.

तेच काम चिकटपट्टी नीट करते. पाकीट बंद करायची साधी पारदर्शक सेलोटेप. बोटभर लांबीचा तुकडा जागेवर हलकेच ठेवायचा, दाबून घासायचा नाही, आणि एका टोकाकडून अलगद सोलत काढायचा. प्रत्येक वेळी नवा तुकडा. पाच-सहा वेळा केल्यावर उजेडात पट्टी आडवी धरून बघा, बारीक तुसं चिकटलेली दिसतात. ती दिसायची थांबली की पट्टी थांबवा. फोड आला असेल तर त्याच्यावर पट्टी लावू नका, फोड सोलला जाईल. नंतर साबणाच्या पाण्यानं धुवायचं, पाणी वरून सोडायचं, टॉवेलनं पुसायचं नाही, वाऱ्यावर सुकू द्यायचं. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, थोडी विश्रांती, पुन्हा बर्फ. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा असंही सांगतात. लावायला हरकत नाही, थोडं थंड वाटतं, पण चिकटपट्टीच्या आधी लावलात तर काटे लेपाखाली अडकून बसतील.

मोठ्या माणसाला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि खाजेसाठी 10 मिलिग्रॅम सेट्रिझिनची एक गोळी सहसा पुरते. सेट्रिझिननं झोप येते, त्यामुळे ती घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवायची नाही. मुलाचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारूनच. जाऊबाईंनी गरोदरपणात कोणतीही गोळी त्यांच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नये. चिकटपट्टी, साबण-पाणी आणि बर्फ यांना कुणाची परवानगी लागत नाही.

आणि ती ॲलर्जीची प्रतिक्रिया. लागलेल्या जागेपासून लांब, पोटावर, मानेवर, पाठीवर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ जड झाली, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपायांना तिथंच पूर्णविराम. 108 ला फोन, माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे, श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं. दवाखान्यात पोचल्यावर 'अळी लागली आणि आता श्वास लागतोय' हे एवढंच पहिलं सांगा. यावर खरं औषध ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, सलाईनची बाटली नव्हे. लागल्यावर पहिला एक तास त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. डोळ्याला लागलं तर डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. दोन-तीन दिवसांनी लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरू लागली, पू झाला, ताप आला, तर ते विष नसून जंतुसंसर्ग आहे. त्यासाठीही डॉक्टर.

आता तुमच्या सहा बायका. त्यांना घरी बोलावून चहा द्या आणि वर लिहिलेलं सगळं सांगा, मरणाची भीती नाही हेही आणि आग होते हेही. दम्याची, गांधीलमाशीनं पूर्वी अंगभर सुजलेली, एखाद्या औषधाची जोरदार ॲलर्जी असलेली कुणी आहे का हे विचारा. असेल तर तिला त्या दिवशी गोठ्यातलं किंवा घरातलं काम द्या, पण रोज तोच द्या. रोज कापला जाणार असेल तर कुणी खरं सांगणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे घ्या. सुती मोज्यांतून काटे आरपार जातात. साडीवरून पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, गळ्याशी रुमाल. मान ही लागण्याची ठरलेली जागा, कारण गवताची पेंढी डोक्यावर घेतली की अळी तिथून मानेवर उतरते. म्हणून पेंढी बांधण्याआधी जमिनीवर आपटायची आणि काठीनं चाळवायची. पाचट काढताना पान ओढण्याआधी उलटं करून बघायचं, कारण अळी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असते. बांधाकडच्या दोन-तीन ओळी सगळ्यात आधी, सगळ्यांनी मिळून, चांगल्या उजेडात करायच्या. एकटीला कुणी उसात शिरायचं नाही. शेतातल्या पिशवीत सेलोटेपचा रोल, साबण, पाण्याची बाटली आणि चार्ज केलेला मोबाईल. एवढ्याला फार पैसे लागत नाहीत आणि तो खर्च तुम्ही करायचा, बायकांनी नाही. संध्याकाळी कपडे बाहेरच काढून वेगळे भिजवायचे. झटकायचे नाहीत.

म्हशींचंही बघा. वैरणीत अळ्या गेल्या तर नाकपुड्यांना, जिभेला लागू शकतात. जनावर अचानक लाळ गाळू लागलं, वैरण तोंडात घेऊन टाकू लागलं, तर तोंड पाण्यानं धुवा आणि पशुवैद्यांना बोलवा.

तुमच्या यजमानांचा मुद्दा. त्यांना काहीतरी करून दाखवायचं आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्यांच्या दोन्ही उपायांत अळीपेक्षा मोठा धोका आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतक्या उंच पिकात फवारलेलं औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर, छातीवर पडतं. ऊस तर कपाशीहून उंच. त्यात दोन औषधं मनानं मिसळली की दवाखान्यात डॉक्टरांनाही कळत नाही कशाची बाधा झाली. आणि जहाल फवारणीनं मिळतं काय? पूर्ण वाढलेली अळी लवकर मरत नाही. मेली तरी तिचे काटे तसेच राहतात. मेलेल्या अळीवर हात पडला तरी लागतंच, टाकलेल्या कातेचंही तेच. फवारलंय म्हणून बिनधास्त हात घालणाऱ्या बाईला ती हमखास लागेल.

पिकाचं म्हणाल तर ही अळी पानं खाते, शिरा ठेवते, पण उसाचा उतारा घसरावा एवढी संख्या सहसा होत नाही. आधी मोजा. बांध आणि कडेच्या ओळी फिरून किती दिसतात ते बघा. मोजक्या असतील तर चिमट्यानं किंवा दोन काड्यांनी उचलून मूठभर धुण्याची पावडर घातलेल्या पाच लिटर पाण्याच्या बादलीत टाका आणि नंतर हातभर खड्ड्यात पुरा. पायाखाली चिरडू नका, रस्त्यावर फेकू नका. एखाद्या अळीच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर ती तशीच सोडा. तिच्या अंगात परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं वाढली आहेत, ती आता कुणाचं नुकसान करणार नाही, आणि त्या कोषांतून बाहेर पडणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधतील.

संख्या बरीच असेल तर निंबोळी अर्क. 5 किलो वाळलेली निंबोळी कुटायची, 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची. 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात घालायचा आणि सगळं मिळून 100 लिटर करायचं. हा झाला 5 टक्के अर्क, त्याच दिवशी वापरायचा, संध्याकाळी, पानाच्या खालून. याचा परिणाम लहान अळ्यांवर होतो. त्या खायच्या थांबतात, कात टाकू शकत नाहीत. मोठ्या अळ्या टपाटप पडतील अशी अपेक्षा ठेवून फवारलं तर दुसऱ्या दिवशी यजमान म्हणतील 'बघ, काही उपयोग नाही'. आठवडा जाऊ द्या. तरीही आवरलं नाही तर कृषी सहायकाला शेतात आणून अळी दाखवा आणि उसासाठी शिफारस असलेलं एकच औषध, लेबलवरच्याच प्रमाणात, मास्क आणि चष्मा घालून मारा. फवारल्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस जाईपर्यंत त्या बांधाचं गवत म्हशींना घालायचं नाही.

बांध पेटवणं तर नकोच. बांधाला लागून उभा ऊस आहे, वारा फिरला तर तीन एकर जाईल. शिवाय केसाळ अळ्या जाळल्या की त्यांचे न जळालेले केस धुराबरोबर उडून डोळ्यांत आणि छातीत जातात. गवत गुडघ्याच्या खाली कापून ठेवलंत तर अळीही कमी होईल आणि खरी घोणसही सरकेल.

केसाळ अळ्यांचा विषय निघालाच आहे, तर हेही. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात घोळक्यानं बसणारे तपकिरी सुरवंट, गुलाबावर आणि एरंडीवर येणाऱ्या झुपकेदार अळ्या, यांची तऱ्हा काटेरी अळीपेक्षा वेगळी. त्यांचे खाजरे केस बारीक, लाखांच्या घरात, आणि सहज तुटणारे. ते वाऱ्यानं दोरीवरच्या कपड्यांवर बसतात, मग अळी न दिसताही अंगाला पुरळ येतं. शहरातल्या सोसायट्यांमधून 'झाड तोडावं का' असं विचारणारी पत्रं यांच्यामुळेच येतात. तोडू नका. खोडावरचा घोळका लांब दांड्याच्या झाडूनं साबणाच्या पाण्यात पाडा, त्या आठवड्यात कपडे घरात वाळत घाला. पावशा आणि चातक हे पक्षी केसाळ सुरवंट आवडीनं खातात. पावशा तर सुरवंट चोचीत दाबून फांदीवर घासतो, आतली घाण पिळून काढतो, केसांसकट गिळतो आणि केसांची गुठळी नंतर तोंडातून टाकतो. झाड तोडलं की पावशाही जातो. सोयाबीनवरची केसाळ अळी मात्र फारतर खाजवते, तिला उगाच काटेरी अळीच्या पंक्तीला बसवू नका.

सासूबाईंना शेतात चला म्हणून आग्रह करू नका. एकदा असं लागल्यावर हात आखडतो, त्यात भित्रेपणा नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगावर इतरत्र गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का, हे मात्र शांतपणे विचारा आणि दवाखान्याचा कागद शोधून ठेवा. उत्तर 'हो' असेल तर त्यांनी पुढच्या हंगामात गवत कापू नये आणि डॉक्टरांकडून ॲलर्जीबद्दल सविस्तर सल्ला घ्यावा. उत्तर 'नाही' असेल तर दसऱ्याच्या तोरणासाठी आंब्याच्या डहाळ्या त्यांच्याकडेच द्या, पण प्रत्येक पान उलटं करून. आंब्यावर याच कुळातली निळ्या पट्ट्यांची हिरवी अळी असते. तिचा कोष खोडाला चिकटलेल्या कडक, तपकिरी बोरासारखा दिसतो. कोष विणताना ती आपले काटे त्यावर बसवते, त्यामुळे तो नखानं खरवडला तरी आग होते. गोठ्याच्या खांबावर किंवा आंब्याच्या बुंध्यावर असे कोष दिसले तर मुलाच्या हाती लागण्याआधी खुरप्याच्या टोकानं काढून त्याच साबणाच्या बादलीत टाका.